गच्चीवरचा दहावा

सकाळी सव्वासातला उत्तमचा फोन :
"नदीवर तास झाला, कावळा शिवत नाही.
तात्यांचं तुझ्यातच काहीतरी अडकलंय.
तिथं ठेव एक घास."

तिथं म्हणजे सूरला, ओमानात,
जिथं नगरपालिका पिंजरे लावून कावळे पकडते.
आपल्याच बंदरांतून, गलबतांच्या डोलकाठीवर बसून
आले म्हणे हे कधीकाळी,
आणि माझ्यासारखेच परत गेले नाहीत.

त्यात रमजान. सतरावा रोजा.
पंधरा वर्षं झाली, या महिन्यात मी
पाणीसुद्धा दार लावून पितो.
कुणी सांगितलं नव्हतं.
पहिल्या वर्षी भर रस्त्यात बाटली तोंडाला लावली
तेव्हा समोरचा म्हातारा सुतार
नुसता दुसरीकडं बघायला लागला.
त्या बघण्यावरून शिकलो.

घरमालक खलफान बिन मुबारक.
भाडं न्यायला येतो तेव्हा उंबऱ्याबाहेर थांबतो.
कपाटातली समई त्याला तिथून दिसते,
कधी विचारलं नाही.
मशिदीचा एसी बिघडला की मी जातो,
चपला बाहेर, पाय धुऊन, शिडीवर.
पैसे घेत नाही.
तो भाडं मात्र सोडत नाही.

तरी गच्ची मागताना जीभ जड झाली.
देश त्याचा, जमीन त्याची, गच्चीही त्याचीच :
हो म्हणणं त्याच्या हातात,
माझ्या हातात फक्त विचारणं.
"भात ठेवायचाय. वडलांसाठी. कावळ्याला."
मोडक्या हिंदीत त्यानं दोनदा ऐकून घेतलं,
मग किल्ली आणायला गेला.

केळीचं पान नव्हतं, फॉइलची थाळी.
खाली खाडीकाठी अर्धं बांधलेलं गलबत,
बरगड्या उघड्या.
खलफान थोडा वेळ लांब उभा राहिला,
"मी परका, माझ्यामुळं येत नसेल,"
म्हणून जिन्यात जाऊन बसला.

फोन चालूच. मी बोलत गेलो :
आईला सांभाळीन. आक्काचा वाटा देईन.
तिच्या पोरीला शिकवीन.
आभाळ रिकामं.

जिन्यातून आवाज आला,
"त्यानं कुणाला नाही म्हटलं होतं का?"

आमच्या गावात नदाफांची सहा घरं.
कब्रस्तानाची वाट आमच्या बांधावरून जायची.
एका उन्हाळ्यात तात्यांनी काटेरी तार ओढली.
हसन नदाफ दोनदा आला,
चपला ओट्याखाली काढून.
"दादा, फक्त मयतीपुरती."
तात्या पान लावत राहिले.
चुन्याची डबी मीच पुढं केली होती.

पुढं हसन स्वतःच गेला.
जनाजा ओढ्यातून नेला, मांडीभर पाण्यातून,
मागच्या खांदेकऱ्याचा पाय घसरला.
आम्ही बांधावर उभे होतो.
देश आमचा, जमीन आमची,
आणि विचारणं
त्याच्या हातात होतं.

"तात्या, तार काढतो,"
मी म्हणालो. मोठ्यानं.
उत्तमला ऐकू जाईल असं.

फोनमध्ये नदी वाहत राहिली.
गुरुजी खोकले.

कावळा आला की नाही, नक्की सांगता येणार नाही,
डोळे मिटले होते माझे.
खलफान म्हणतो, टाकीवर काहीतरी काळं बसलं होतं.
साळुंकीही असेल. पण रोज्यात तो खोटं बोलत नाही,
आणि भाताची एक बाजू विस्कटलेली होती, एवढं खरं.

बऱ्याच वेळानं उत्तम बोलला :
"किती फूट सोडायची?"

खलफान गच्चीच्या दारात उभा,
त्याला मराठी येत नाही.
"फुटांत मोजू नकोस," मी म्हणालो,
"खांद्यावर माणूस घेऊन
दोघं शेजारी शेजारी चालतील
एवढी."